बोगुमिल गावलिकांचा दर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बोगुमिल गावलिक दिसले, की माणसं आधी अंगावरचं एखादं बटण घट्ट धरायची आणि मग घरात जाऊन दार लावून घ्यायची. बटण धरायचं ते नशिबासाठी. धुराडं झाडणारा दिसला की बटण धरावं आणि मनात काहीतरी मागावं, ते मिळतं, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. दार लावायचं ते ऐंशी झ्लोटींसाठी.

ऐंशी झ्लोटी हा त्यांचा एका वेळचा दर. कोळशाची शेगडी असेल तर वर्षातून चार वेळा. आधी तो दर कमी होता, महागाईबरोबर चढत गेला. पण ज्या वर्षी जो असेल त्यातून एक पैसा ते कधी सोडायचे नाहीत. विधवा असो, पाद्री असो, सख्खा शेजारी असो. कोणी वोदकाचा पेला पुढे केला तर तो घ्यायचे नाहीत, कोणी नाताळच्या केकची वडी दिली तर तीही नाही. पैसे घ्यायचे आणि पावती लिहायची. त्यांच्या घरचं धुराडं झाडायला शेजारच्या गावाहून दुसरा माणूस यायचा आणि त्यालाही ते पूर्ण दर मोजायचे. हे कळलं तेव्हा आख्खं गाव पोट धरून हसलं होतं. मीही हसले होते.

मी त्रुदा. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पाचशे पोरांचं सूप ढवळलं. माझी जीभ कशी आहे ते गावात कोणालाही विचारा. ती मला आवरत नाही, हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्याला सांगायचे कष्ट नकोत.

आमचं घर जोडघर आहे. एका भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे हुबर्ट गावलिक. हुबर्ट म्हणजे बोगुमिलांचा धाकटा भाऊ, खाणीतून निवृत्त झालेला. दोन्ही घरांची धुराडी छपरावर एकाच विटांच्या चौथऱ्यातून वर निघतात. त्यामुळे बोगुमिल आले की एकाच चढणीत दोन्ही घरांचं काम व्हायचं. लांब दोराला लोखंडी गोळा, त्यावर तारांचा ब्रश. तो वरून खाली सोडायचा, ओढायचा, पुन्हा सोडायचा. मग खाली तळघरातलं छोटं लोखंडी दार उघडून पडलेली काजळी बादलीत भरायची. मग ती बादली तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या डोळ्यांसमोर आणून ठेवायची. "बघा," म्हणायचे. "पैसे कशाचे दिलेत ते बघून घ्या." शेवटी भिंतीतल्या हवेच्या जाळीला कागदाचा तुकडा लावायला घरच्याच माणसाला सांगायचे. कागद जाळीला आपोआप चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय. पडला तर पावती नाही, आधी पुन्हा छपरावर.

माझ्याकडे हे सगळं बडबडीत व्हायचं. पलीकडे, हुबर्टच्या घरात, शब्द नसायचा. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू यायचं. बादली ठेवल्याचा आवाज, कागद, नोटा, पेनाची खरखर, दार. दोन भाऊ, वर्षातून चार भेटी, आणि एक शब्द नाही. गाव म्हणायचं, बापाच्या जमिनीवरून फाटलं असणार. आणि संपूर्ण गावात एकटा हुबर्टच असा होता, की जो भावाला बघून कधी बटण धरायचा नाही.

हुबर्टचं गावात काय नाव होतं ते आता सांगावं लागेल, आणि सांगताना मला लाज वाटते. मी लग्न होऊन इथे आले त्याच्या सहा वर्षं आधी त्याची बायको रेगिना आणि नऊ वर्षांची एदिता झोपेतच गेल्या होत्या. हुबर्ट पाळीवरून सकाळी घरी आला तेव्हा शेगडी कोमट होती आणि दोघी गार. धुराड्यात कावळ्यांनी काटक्या रचून घरटं केलं होतं, धूर वर गेलाच नाही. चौकशीला माणसं आली. हुबर्टने सांगितलं, "यंदा मी धुराडं झाडूनच घेतलं नव्हतं." एवढं वाक्य गावाला पुरलं. चार पैसे वाचवायला गेला आणि बायको-पोर घालवली. छत्तीस वर्षं हे वाक्य त्याच्या मागून चालत राहिलं. आया मुलांना सांगायच्या, शेगडीपाशी खेळू नकोस, हुबर्टच्या एदितासारखं होईल. तो समोरून जात असतानाही सांगायच्या. भिंतीपलीकडचा माणूस म्हणून मी त्याला कधीमधी सूप द्यायचे. तरी दुकानात विषय निघाला की मीही मान हलवून "कंजूषपणा, दुसरं काय!" म्हणायचेच.

मग माझा अल्फोन्स गेला. त्याच्या आजारपणात आम्ही कर्ज काढून नव्या घट्ट खिडक्या बसवल्या होत्या, त्याला थंडी सोसत नव्हती म्हणून. अल्फोन्स गेला आणि हप्ते राहिले. त्या डिसेंबरात एक हसरा माणूस दाराशी आला. काळा कोट, सोनेरी बटणं, हातात दिनदर्शिकांचा गठ्ठा. "नव्या वर्षाच्या शुभेच्छा बाईसाहेब, धुराड्यावाल्यांकडून!" मी बटण धरलं, वीस झ्लोटी दिले, दिनदर्शिका खिळ्याला लावली. मला मनातून माहीत होतं की हा नुसता कोट घालून फिरणारा भामटा आहे, दर वर्षी असे येतात. पण माणसाला स्वस्तातलं खरं वाटून घ्यायचं असतं.

तीन दिवसांनी बोगुमिल आले. मी दार अर्धवटच उघडलं.

"शंभरावर वीस देऊन बसलेय मी आधीच," मी म्हटलं. वीस दिले होते, शंभर कुठून आले देव जाणे. "काम झालंय. तुमचा माणूस येऊन गेला."

"माझा माणूस नाही," ते म्हणाले. "काजळी कुठाय?"

"कसली काजळी?"

"काम झालं म्हणता ना. मग बादलीभर काजळी निघाली असेल. दाखवा."

दाखवायला माझ्याकडे चिमूटभरही नव्हती आणि त्याचाच मला राग आला. "अहो गावलिक, नवरा जाऊन दोन महिने झाले नाहीत. पन्नास घ्या. सत्तेचाळीस वर्षं छपरांवर चढताय, एका विधवेला तीस झ्लोटी सोडलेत तर काही उपाशी मरणार नाही तुम्ही."

"ऐंशी."

"दगड आहात तुम्ही!"

"असेन. ऐंशी. आज नसतील तर उद्या द्या, महिन्याने द्या. पण ऐंशी."

आणि मग माझ्या जिभेने ते केलं. मी म्हटलं, "तुमच्याच भावाची गोष्ट सांगून तुम्ही लोकांना घाबरवून पैसे उकळता, हेच खरं. हुबर्टने बायको-मुलगी घालवली आणि तुमचा धंदा चालला!"

त्यांनी खांद्यावरचा दोर सावरला. शिडी भिंतीला लावली आणि वर चढले. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हणू शकले नाही. एका गुडघ्यात तेव्हाच काहीतरी बिघडलं होतं, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढत होते. तासाभराने त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बादली ठेवली. काठोकाठ भरलेली. त्या भामट्याच्या दिनदर्शिकेवरचं चित्र भिंतीवरून तिच्याकडे बघून हसत होतं. मी जाळीला कागद लावला आणि तो लगेच खाली पडला.

"खिडक्या नव्या आहेत ना? घट्ट?" त्यांनी विचारलं.

"हो. गार वारा येऊ नये म्हणून तर..."

"वारा येत नाही म्हणून धूरही जात नाही. ही खिडकी बोटभर उघडा."

मी उघडली. कागद पुन्हा लावला, तो चिकटून बसला. मी त्या कागदाकडे बघत राहिले. महिनाभर मी या खोलीत खिडक्या बंद करून शेगडीजवळ झोपत होते. सकाळी डोकं दुखायचं ते मी अल्फोन्सच्या दुःखावर ढकलत होते.

मी ऐंशी झ्लोटी टेबलावर ठेवले. डब्यात साचवलेले होते. त्यांनी पावती लिहिली. आणि मग जे त्यांनी कोणाच्याच घरी कधी केलं नव्हतं ते केलं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "त्रुदाबाई, चहा मिळेल का?"

मी चहा दिला. त्यांनी बराच वेळ पेल्याला हात लावला नाही.

"हुबर्टने कंजूषपणा केला नव्हता," ते म्हणाले. "त्याने मला बोलावलं होतं. मी गेलो होतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्याचा नामदिन होता, त्याच्या नावाच्या संताचा सण, शनिवार. सबंध दिवस मी पैशांची धुराडी झाडली, बारा घरं. भावाचं शेवटी ठेवलं. भावाकडून कुठे पैसे घ्यायचे? आणि पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर ते काम आपोआप शेवटी जातं, बाई. अंधारून आलं होतं. रेगिनाने बटाट्याचे गोळे केले होते, वास खालपर्यंत येत होता. मी छपरावर चढलोच नाही. खालचं दार उघडलं, हाताने दोन ओंजळी काजळी काढली, आणि वर जाऊन म्हटलं, झालं. जेवायला बसलो. एदिताने माझ्या कोटाचं बटण धरलं होतं. म्हणाली, काका, मी कुत्रा मागितलाय."

मी खुर्चीचा हात घट्ट धरून उभी होते.

"दहा दिवसांनी ते झालं. मी चौकशीवाल्यांकडे सांगायला निघालो होतो. त्याआधीच हुबर्टने सांगून टाकलं होतं, की कोणीच आलं नव्हतं. पावती नव्हतीच. फुकट कामाची पावती कोण फाडतं? मी त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, त्या दोघी परत येणार नाहीत. तू आत गेलास तर आईचं कोण करणार? मग म्हणाला, माझ्याशी बोलू नकोस. आणि माझं धुराडं पुन्हा कधी फुकट झाडू नकोस."

"आणि आई?" मी विचारलं.

"आई नऊ वर्षांनी गेली. तेव्हा मी सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. भ्यालो. आधी धंद्यासाठी भ्यालो, मग सवयीने." त्यांनी पहिल्यांदा चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. "लोक त्याला जे बोलतात ते मी रस्त्याने ऐकत जातो. आज तुम्ही माझ्या तोंडावर बोललात. बरं झालं. मार्चअखेर मी थांबतोय, गुडघा चालत नाही. त्याआधी हे सगळीकडे कळायला हवं. मला चौकात उभं राहून बोलता यायचं नाही. पण तुम्ही..." ते पहिल्यांदाच किंचित हसले. "तुम्हाला सांगितलं की गावाला सांगितल्यासारखंच आहे, असं म्हणतात."

मी आयुष्यात एवढा अपमान आणि एवढा विश्वास एकाच वाक्यात कधी ऐकला नव्हता.

आणि गंमत बघा, माझ्या तोंडाला कुलूप बसलं. सात आठवडे. रोज मनाशी म्हणायचे, आज सांगते, आणि रोज दुकानातून गप्प परत यायचे. सांगितलं असतं तर एक माणूस मोकळा झाला असता आणि दुसरा सत्तरीत मातीला मिळाला असता. हे वजन माझ्याने उचलवत नव्हतं.

फेब्रुवारीत, खाटकाच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे तीन माणसं सोडून हुबर्ट उभा होता. दोन काळे सॉसेज घ्यायला आला होता, आठवड्याला तेवढेच घेतो. माझ्या मागे उभ्या असलेल्या, आमच्याच गल्लीतल्या पितलिकबाईने माझ्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "दोनच! बघितलंस? सवय जात नाही माणसाची."

"पितलिकबाई," मी म्हटलं, "त्याने सवय म्हणून काहीही वाचवलेलं नाही. त्याने भावाला वाचवलं." आणि मग मी सगळं सांगितलं. बारा घरं, बटाट्याचे गोळे, दोन ओंजळी काजळी, आणि ती खोटी साक्ष. खाटकाचा सुरा हवेत थांबला होता. मी बोलत असताना हुबर्टने वळून बघितलं नाही. माझं झाल्यावर त्याने नोट ठेवली, सॉसेज उचलले, आणि सुटे पैसे न घेता निघून गेला.

संध्याकाळी तो कुंपणाशी आला. तीस वर्षांत त्याला मी चिडलेला पाहिला नव्हता.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला तोंड उघडायला?"

"तुमच्या भावाने."

"खोटं!"

"माझ्या स्वयंपाकघरात बसून, स्वतःच्या तोंडाने. म्हणाले, गावाला कळू दे."

तो कुंपणाच्या फळीवर हात ठेवून उभा राहिला. "त्याने स्वतः?" त्याने परत विचारलं, आवाज अगदी हलका झाला होता. मी मान हलवली. तो आत गेला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काही ऐकू येईल म्हणून मी कान लावून बसले होते, कबूल करते. काही ऐकू आलं नाही.

गावाने मात्र आपलं काम चोख केलं. पंधरा दिवसांत बोगुमिलांना बघून माणसांनी बटण धरणं थांबवलं. काहींनी रस्ता ओलांडला. सात-आठ घरांनी शेवटच्या फेरीला दार उघडलं नाही. ज्या बायका छत्तीस वर्षं हुबर्टला बोलल्या त्याच आता "मला आधीपासून संशय होता" म्हणू लागल्या. बोगुमिल बंद दारासमोर थोडं थांबायचे, वहीत काही लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, "माझं चुकलं का हो?" तर म्हणाले, "नाही. हा माझाच दर होता, उशिरा भरला."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते आमच्याकडे आले. छपराच्या सावलीकडच्या बाजूला अजून बर्फाचे पट्टे होते. गुडघ्याला पट्टा बांधला होता. मी बादली उचलायला पुढे झाले, त्यांनी उचलू दिली, यावरून काय ते समजून घ्या. वर चढून त्यांनी दोन्ही धुराडी झाडली. आधी माझ्या तळघरातली काजळी, माझा कागद, माझे ऐंशी, माझी पावती. मग बादली घेऊन आम्ही दोघं हुबर्टच्या दाराशी. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

हुबर्टने दार उघडलं. काजळी बघितली. कागद जाळीला लावला, तो चिकटला. हे नेहमीचंच. मग नेहमी तो खिशात हात घालायचा, तो त्याने घातला नाही. बोगुमिल पावतीचं पुस्तक उघडून वाट बघत होते.

"बोगुश," हुबर्ट म्हणाला.

या नावाने त्यांना हाक मारताना मी कोणाला ऐकलं नव्हतं. आईने ठेवलेलं लहानपणीचं नाव असणार.

"बोगुश, आज पैसे घेऊ नकोस."

बोगुमिलांच्या हातातलं पेन खाली पडलं. मी वाकून उचलायला गेले आणि वाकलेलीच राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोणाला दाखवायचं नव्हतं. दोघं एकमेकांना मिठी वगैरे मारतील असं वाटलं होतं. मारली नाही. बोगुमिलांनी पावतीचं पुस्तक मिटून खिशात ठेवलं. मग दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं, लोखंडी गोळा उचलला आणि परत शिडीकडे निघाले.

"अहो, वेड लागलंय का?" मी ओरडले. "आत्ताच तर झाडलंत! त्या गुडघ्याने..."

"ते ऐंशी झ्लोटींचं होतं," ते शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत म्हणाले. "हे फुकटचं आहे. याला वेळ लागेल."

लागला. अख्खी दुपार लागली. गोळा खाली गेला, वर आला, खाली गेला. चौथऱ्याच्या फटींवरून त्यांनी हात फिरवला, विटा एकेक ठोकून पाहिल्या, वरची जाळी काढून पुन्हा बसवली. आता काजळी उरलीच नव्हती, बादलीत पडत होती ती नुसती धूळ. गल्लीतल्या खिडक्या उघडत गेल्या. पितलिकबाईसुद्धा बाहेर आली आणि एकदाची गप्प उभी राहिली. बर्फ वितळून शिडीचे पाय चिखलात सरकत होते, म्हणून हुबर्ट ती दोन्ही हातांनी धरून, मान वर करून, दुपारभर तिथेच उभा होता.